बूड टेकायपुरती जागा

पिपरटोला, ता. लाखांदूर
दि. १९ जुलै २०२५

ती. शकुन आत्याबाईस रंजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको. मी जिवंत आहो, मेला तो फोन. परवा धुऱ्याच्या बांधावरून जाताना एक बगळा बेडूक गिळून राहिला होता. त्याचा व्हिडिओ घ्यायले वाकली आणि फोन गेला धानाच्या बांधीच्या चिखलात. मी जिच्या घरी उतरली त्या उषाबाईने तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. तिच्या मते तांदूळ पाणी ओढतो. मी म्हटलं की बाई, जो जन्मभर पाण्यातच उभा होता तो आता कायले ओढेल? बेडूक मात्र सुटला, हे तुले सांगायचं होतं.

म्हणून ही चिठ्ठी. कैलाशभाऊ तळ्यातले मासे घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात जातो आणि मुक्कामाले मोहाडीत सासरवाडीत उतरतो, त्याच्या हाती देऊन राहिली. वास आला तर समजून घे.

तुझ्या जागी रोवणीले आल्यापासून सगळ्या बाया एकच विचारतात की शकुनबाई पडली कशी. मी खरं सांगून टाकलं: साकोलीले सत्कार होता, शाल अंगावर पडली, टाळ्या वाजल्या आणि स्टेजची फळी मोडली. पाय मोडला, हातातला नारळ फुटला नाही. हे ऐकून बाया इतक्या हसल्या की बायाबाईच्या हातातली धानाच्या पऱ्ह्यांची पेंढी पाण्यात वाहून गेली. तुझा मान कमी झाला असेल तर माफ कर.

आता कामाचं. बाबा म्हणाले होते की हिले दळण आणायले धाडलं तर ही तिरोडा पाहून येते, हिच्या भरवशावर बेचाळीस बाया कशा सोडतेस? मलेही तेच वाटून राहिलं आहे. तू पहिल्या वर्षी बायांले पिण्याच्या पाण्याची कॅन मिळवून दिली, दुसऱ्या वर्षी गाडीत कोंबून उभं राहण्याऐवजी बसून यायचं ठरवून दिलं. दोन्ही गोष्टी चालू आहेत. पण तिसरी अडली आहे. तुलाराम मालकाच्या शेतात कोरडी जागाच नाही. सकाळपासून वाकून रोवायचं आणि दुपारी धुऱ्यावर उभ्यानेच जेवायचं, एका हातात डबा, दुसऱ्या हातात घास, डोक्यावर पाऊस. मी पहिल्या दिवशी हुशारी करून बसली, तर उठताना धुऱ्याचा अर्धा चिखल माझ्यासंग उठला.

बायाबाईने एकेचाळीस रोवण्या उभ्याने जेवून काढल्या. ती माझ्याकडे न पाहता, पण मले ऐकू येईल इतक्या जोराने म्हणाली की शकुनने यंदा बसायले ओटा करून दाखवला तर ठीक, नाही तर मी पलीकडच्या ठेकेदाराच्या टोळीत चालली, मिटिंगा ऐकून माझे कान दुखतात. ती गेली तर निम्म्या बाया तिच्या मागे जातील, आत्याबाई. मग तुझा गट कुठे राहिला? लवकर सांग, काय करू.

बाबांले नमस्कार. तुझा लोभ पायाच्या प्लास्टरसारखा घट्ट असू दे.

तुझी
रंजू


मोहाडी
दि. २३ जुलै २०२५

चि. रंजूस शकुन आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आधी मांजरीले मिळालं, मग मले. एक कोपरा तिने खाल्ला, बहुतेक बगळ्याचा. नुकसान नाही.

मी इथे पलंगावर आहो. चार वर्षं बायांसाठी बसायची जागा मागत फिरली, आता देवाने मलेच बसवून ठेवलं. तुझा बाप धनीराम दिवसातून दहा वेळा येऊन सांगतो की ताई, उठायचं नाही. काल मी उठली, तर त्याने माझी चप्पलच लपवली. एका पायाच्या बाईची चप्पल लपवणारा भाऊ माझ्याच वाट्याले आला.

आता नीट वाच, आणि वाचताना खिडकीबाहेर पाहू नको. रोवणीच्या शेवटच्या दिवशी मालक शेतावर आला की बाया त्याच्या कपाळाले चिखलाचा टिळा लावतात आणि त्याले अडवून धरतात, हे तुले माहीत आहे. काही कबूल केल्याशिवाय त्याची सुटका नाही. टिळ्याखाली जे कबूल केलं ते मोडलं, तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधीत एकही बाई पाय टाकत नाही. आजपर्यंत आपण दरवर्षी बकराच मागत आलो. मटण खाल्लं, हात धुतले, गोष्ट संपली.

यंदा बकरा नाही. यंदा ओटा मागायचा. खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री, आणि जेवायले अर्धा तास. मी तुलारामले तीन अर्ज दिले, तो प्रत्येक वेळी पाहू म्हणतो. टिळा लागल्यावर पाहू म्हणता येत नाही.

तुझ्याकडे दोनच कामं. बायांले मटणावरून हटवायचं, कारण अर्ध्या जणींनी ओटा आणि अर्ध्या जणींनी बकरा मागितला तर तो हसत हसत निघून जाईल. दुसरं, तुलारामले आधी एकदा भेटून ये. तो रोज दुपारी चक्कर मारतो. त्याले सांग की यंदा आम्ही ओटा मागणार आहो, म्हणजे त्या दिवशी तो आयता तयार राहील. शेवटचा दिवस पाच ऑगस्टच्या मागेपुढे पडेल.

मन एका जागी ठेव. लोभ करतेच मी, तो वाया घालवू नको.

तुझी
शकुन आत्या


पिपरटोला
दि. २९ जुलै २०२५

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही कामं झाली! एक जरा कमी झालं, पण झालं.

मटणाचं बोलणं काढल्याबरोबर उषाबाई भडकली. म्हणाली की ओटा काय चावून खायचा का? वर्षभर त्या एका बकऱ्याची वाट पाहायची आणि ही मोहाडीची पोट्टी येऊन म्हणते फळ्या मागा. खोटं कायले सांगू, ती रस्सा कसा करायचा हे सांगत होती तेव्हा माझीच जीभ फितूर झाली.

मग मले भाषण करायले लावलं. भाषणात काय बोलायचं ते मी तळहातावर लिहिलं होतं, पण सकाळी पऱ्हे उपटताना ते धुऊन गेलं. मधेच मले गोंदियाचं स्टेशन आठवलं, मागच्या साली मी घरी न सांगता रायपूरले जायले निघाली आणि गोंदियालेच अडकली ते. तुम्ही सगळे मले शोधत होता तेव्हा मी तिथल्या बाकावर दोन दिवस बसली होती. वर पत्रा, खाली बाक, बाकाखाली कुत्रा. कोणी उठवलं नाही, कोणी विचारलं नाही की बाई तू काम काय करतेस. मी काहीच करत नव्हती. हे सांगता सांगता मी कुत्र्याचा रंग सांगायले लागली, तर बायाबाईने विचारलं की काहीच न करणाऱ्यांले बाक फुकट आहे? मी हो म्हटलं. ती म्हणाली की कुत्र्यालेही? मी म्हटलं की कुत्र्याले तर सावलीही. 

मग प्रत्येकीने एक एक पेंढी ठेवली, ओट्याकडे किंवा बकऱ्याकडे. ओटा तेवीस, बकरा अठरा. बायाबाईने तिची पेंढी ठेवलीच नाही. म्हणाली की आधी पाहते. तरी अठराजणींनी ठरलं ते मानलं. उषाबाईनेही मानलं, पण माझ्याशी बोलणं बंद केलं. भाजी वाढते, बोलत नाही.

तुलारामलेही भेटली. रोज तो येतो तेव्हा मी नेमकी दुसरीकडे असते. एकदा सात्यांच्या अळंब्या उगवल्या होत्या त्या खुडायले गेली, एकदा तळ्यावर कैलाशभाऊचं जाळं पाहायले. पण काल भर पावसात दिसला. भेंडीच्या वाडीत उभा होता, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मधे पाणी होतं म्हणून मी अलीकडूनच ओरडून सगळं सांगितलं, फळ्या, ताडपत्री, अर्धा तास. त्याने हात पसरून शेवटपर्यंत ऐकलं. एका शब्दाने नाही म्हटलं नाही. आत्याबाई, माणूस वाटतो तितका वाईट नाही.

लोभ वाढवता आला तर वाढव, नाही तर बाबांच्या हातचा चिवडा पाठव.

तुझी
रंजू


मोहाडी
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. रंजूस आशीर्वाद वि. वि.

स्टेशनचं भाषण मी तुझ्या बापाले वाचून दाखवलं. तो म्हणाला की म्हणजे दोन दिवस ही गोंदियाले होती का! मी म्हटलं की ते सोड, तेवीस पेंढ्या पाहा. पोरी, मले चार वर्षांत असं भाषण सुचलं नाही.

आता तुलारामचं. रंजू, मी त्या माणसाले वीस वर्षांपासून ओळखते. तो पाणी पितानाही बोलतो. तो तुझं सगळं शेवटपर्यंत ऐकून गप्प राहिला? आणि हात पसरून? पावसात? भेंडीच्या वाडीत? पुन्हा एकदा विचार कर, की तू ज्याच्याशी बोलली त्याले पाय किती होते.

तुलाराम बुटका आहे, माझ्या खांद्याइतका. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. मोटारसायकलवर येतो, चपला हातात घेऊन धुऱ्यावर चढतो. नीट पाहून ठेव. आणखी एक. कैलाश सांगून राहिला की तुलारामच्या पोराचं, धनंजयचं, साकोलीकडे लग्न जमत आहे आणि मुलीकडचे घर-शेत पाहायले केव्हाही येतील. पाहुणे आले तर सांभाळून, त्यांच्यासमोर काही गोंधळ नको. पाहुण्यांदेखत पाणउतारा झाला तर तुलाराम हट्टाले पेटेल आणि ओटा जन्मात होणार नाही.

कैलाशले ताप आहे, चिठ्ठी त्याच्या उशाशी ठेवली आहे. बरा झाला की आणेल. काळजी आणि लोभ दोन्ही धाडते, काळजी जास्त.

शकुन आत्या


पिपरटोला
दि. ६ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र मले काल, पाच तारखेले, दिवस मावळताना मिळालं. तेव्हा माझ्या केसांत चिखल होता. त्याच्या आधी सगळं होऊन गेलं होतं.

पहिलं कबूल करते. पत्र वाचून मी वाडीत जाऊन पाहून आली. ते बुजगावणं आहे. पाय एकच.

काल शेवटची बांधी होती. बाया दूरच्या टोकाले खाली वाकून रोवत होत्या आणि मी रस्त्याच्या अंगाले होती, कारण एक आइसक्रीमवाला भोंगा वाजवत गेला आणि या पावसात आइसक्रीम कोण घेतं ते मले पाहायचं होतं. तेवढ्यात धुऱ्यावरून एक माणूस आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात छत्री, चाल अशी की शेत त्याच्याच बापाचं. उंच होता, पण बुजगावणंही उंच होतं! मी ओंजळभर चिखल घेतला, धावली आणि कपाळाले लावला. घाईत नाकालेही लागला. मग जोराने ओरडली की बायांनो या, मालक धरला!

बाया आल्या आणि पाहतच राहिल्या. उषाबाईने सात दिवसांचं मौन सोडलं. म्हणाली की भवाने, हे कोण धरलंस? ते निघाले साकोलीकडचे दादाजी. धनंजयले मुलगी द्यायची म्हणून शेत पाहायले एकटेच पुढे चालत आले होते. माझे पाय पाण्यात होते म्हणून बरं, नाही तर मी तिथूनच लाखांदूरची बस पकडली असती.

मी पदराने, म्हणजे ओढणीने, पुसायले गेली तर बायाबाईने माझा हात धरला. म्हणाली की टिळा लागला तो लागला, पुसायची रीत नाही. आणि दादाजीले म्हणाली की काही कबूल केल्याशिवाय जाता येणार नाही, बापा. दादाजी गरीब माणूस स्वभावाने, तेही रीत जाणणारे. म्हणाले की बाई, माझं इथे काहीच नाही, मी काय देऊ? बायाबाई म्हणाली की मग ज्याचं आहे तो येईपर्यंत थांबा. धनंजयले फोन लावावा म्हटलं, उषाबाईने माझा फोन तांदळातून काढून आणलेला होता, पण तो काही उठला नाही. शेवटी दोघीजणी तुलारामले बोलवायले पायी गावात गेल्या.

आता खरी गंमत ऐक. दादाजीचे गुडघे दुखतात. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं की बसायचं कुठे? बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. मी घमेलं पालथं घालून दिलं, ते त्यांच्यासकट चिखलात रुतलं. धोतर पोटरीपर्यंत पांढरं होतं ते कमरेपर्यंत काळं झालं. छत्रीच्या दांडीवर टेकले, दांडी वाकली. एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या. शेवटी त्यांनी बायाबाईले विचारलं की तुम्ही जेवायले कुठे बसता? ती म्हणाली की एकेचाळीस साल झाले, मी तर बसायची जागा पाहिली नाही, तुम्हाले दिसली तर सांगा.

अर्ध्या तासाने तुलाराम आला. तू लिहिलं तसाच, बुटका, चपला हातात, आणि दिसायच्या आधी ऐकू आला. व्याह्याचा अवतार पाहून तो पहिल्यांदा गप्प झाला. दादाजी शांतपणे म्हणाले की पाहुणे, शेत छान आहे. पण माझी मुलगी मजुरांचा चहा घेऊन इथे आली तर ती बसेल कुठे?

आत्याबाई, तुलारामने श्वास न घेता सांगितलं की ओटा बांधायचाच आहे, फळ्या सांगून ठेवल्या आहेत, ताडपत्री घरी आहे, बायांले अर्धा तास तर मी आधीपासूनच देणार होतो. तो बोलतच होता, मी दुसरी ओंजळ भरली आणि त्याच्या कपाळाले लावली. यावेळी नाक वाचवलं. बेचाळीस बायांनी ऐकलं आणि व्याह्यानेही.

दादाजीलेही रीतीप्रमाणे काही तरी द्यावं लागलं. उषाबाई बकरा म्हणाली, पण ते माळकरी निघाले. भजी देतो म्हणाले. उषाबाईने पुन्हा बोलणं बंद केलं.

माझ्यावरचा लोभ बुजगावण्यामुळे कमी करू नको.

तुझी
रंजू


मोहाडी
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. रंजूस आशीर्वाद वि. वि.

मी इतकी हसली की धनीरामले वाटलं पाय पुन्हा मोडला. त्याने चप्पल परत आणून दिली.

पण आता भुलू नको. चिखल वाळला की माणसाची आठवणही वाळते. तण काढायचं निंदण सुरू होईल तेव्हा ओटा उभा पाहिजे. तोवर तिथून हलायचं नाही. रायपूर नाही, आइसक्रीम नाही, बगळा नाही. रोज तुलारामच्या दारावरून जा आणि फळ्या आल्या का विचार. दोन पायांच्या तुलारामले विचार.

बायाबाई काय म्हणते ते कळव. तिच्या एका पेंढीसाठी माझा जीव अडकला आहे. गट राहिला की गेला, ते तीच ठरवेल. लोभ आहे, उत्तराची वाट त्याहून जास्त.

शकुन आत्या


पिपरटोला
दि. २४ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

ओटा झाला. जरा वाकडा आहे, कारण तुलाराम स्वतः उभा राहून सुताराले सांगत होता आणि सुताराले कंटाळा आला. पण कोरडा आहे. एका वेळी चौदा जणी बसतात, म्हणून तीन पाळ्या केल्या. मी अकरा दिवस तुलारामच्या दारावरून गेली. शेवटी शेवटी तो मले पाहूनच आतून ओरडायचा की आल्या फळ्या, आल्या!

काल निंदणाचा पहिला दिवस. पहिल्या पाळीत बायाबाईले पुढे केलं. तिने फळी हाताने दाबून पाहिली. म्हणाली की शकुनच्या स्टेजची तर नाही ना ही? मग बसली. डबा उघडला. आणि आत्याबाई, ती डबा हातातच धरून जेवायले लागली, वर, छातीपाशी, जसा उभ्याने धरतात तसा. एक घास, दोन घास. सगळ्या बाया पाहत होत्या. उषाबाईने हळूच म्हटलं की खाली ठेव ना वो डबा, आता जागा आहे. बायाबाईने डब्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि डबा खाली ठेवला. मग तिले कळेना की मोकळ्या हाताचं काय करायचं. तो तिने मांडीवर ठेवून दिला. कोणी हसलं नाही, मीसुद्धा.

जेवण झाल्यावर तिने कमरेतून एक सुकलेली पेंढी काढली, त्या दिवशीची. इतके दिवस घरात आढ्याले खोचून ठेवली होती म्हणे. ती तिने ओट्याच्या खांबाले बांधली. पलीकडची टोळी राहिली पलीकडे.

त्यानंतर मात्र गडबड झाली. अर्धा तास झाला, दुसरी पाळी आली, बायाबाई उठेचना. दुसऱ्या पाळीने ओरडून पाहिलं, तुलारामने ओरडून पाहिलं. ती म्हणाली की एकेचाळीस वर्षांचं बसायचं राहिलं आहे, धीर धरा.

ही चिठ्ठी मी त्या ओट्यावर बसूनच लिहून राहिली. समोरून एक मुंगूस गेलं. मी उठली नाही. उषाबाई आज बोलली, म्हणाली की या पोट्टीले कोणी खिळा मारला का? तूर निघेपर्यंत मी इथेच राहते म्हणते, बाबांले सांग. घाबरत सांग.

तुझं प्लास्टर निघालं की लवकर ये. लोभ आहेच तुझा, तो घेऊन ये.

तुझी
रंजू

ता. क. बायाबाई विचारून राहिली की मागून टेकायले काही नाही का. पुढच्या रोवणीले मागायचं म्हणते. काय सांगू?